खारेपाटातला कोपरा : रायगड किनाऱ्यावरील महाविद्यालयीन कबड्डीचा हंगाम

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत, उरणपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत, महाविद्यालयाचा संघ म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम कबड्डीचा संघ येतो. कोल्हापुरात जे स्थान फुटबॉलचे, ते येथे या खेळाचे. अलिबागचे जे. एस. एम., पेणचे भाऊसाहेब नेने, मुरूडचे वसंतराव नाईक, फुंड्याचे वीर वाजेकर ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांचा अधिकृत हंगाम विद्यापीठ ठरवते. पावसाळ्यात संघनिवड होते, मग विभागीय स्पर्धा, त्यातून पुढे गेलेल्यांची आंतरविभागीय फेरी, आणि अखेरीस विद्यापीठाचा संघ पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. विभागीय फेरीतील एक पराभव बहुतेक संघांचे वर्ष संपवतो. एवढ्या तुटपुंज्या हंगामातून उत्तम खेळाडू घडतात कसे, याचे उत्तर महाविद्यालयाच्या आवारात सापडत नाही. त्यासाठी भाताच्या खाचरांकडे वळावे लागते.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हुतुतू या नावाने महाराष्ट्रात रूढ असलेल्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेखी झाले, 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, 1990मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा दर्जा मिळाला आणि 2014पासून प्रो कबड्डीने तो घरोघरी दिसू लागला. कबड्डीमहर्षी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

वर उल्लेखलेली भाताची खाचरे खारेपाटातली. खारेपाट म्हणजे अलिबाग आणि पेण तालुक्यांतील धरमतर खाडी व अंबा नदीलगतचा सखल प्रदेश; येथे खाडीचे पाणी बांध घालून अडवले आणि त्यामागच्या जमिनीवर भात पिकवले. या बांधबंदिस्तीचा इतिहास आणि 1933 ते 1939 या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेला चरीचा शेतकरी संप हे स्वतंत्र ग्रंथांचे विषय आहेत; मात्र खांद्याला खांदा लावून बांध राखणाऱ्या गावांत सांघिक खेळ इतका खोल रुजावा, हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे. जमिनीचा गुणही येथे महत्त्वाचा ठरतो. कार्ले, खंडाळे या बाजूला भात निघाल्यावर पांढरा कांदा लागतो, अन्यत्र वाल पेरला जातो, परंतु खाऱ्या जमिनीचा बराचसा भाग एकपिकी असल्याने कापणीनंतर मोकळा राहतो. त्यातील एखादे खाचर निवडून धसकटे काढली, ढेकळे फोडली, पाणी मारून जमीन चोपली आणि फक्कीने रेषा आखल्या की गावाचे मैदान सिद्ध होते. दिवाळीनंतर पोयनाड, पेझारी, शहापूर, कुर्डूस या परिसरात प्रकाशझोतातील सामन्यांना जो बहर येतो, तो मे महिन्यापर्यंत ओसरत नाही. महाविद्यालयीन खेळाडूचे खरे शिक्षण या रात्रींत होते, आणि त्या शिक्षणातील सर्वांत अवघड विषय म्हणजे कोपरा.

कोपरा म्हणजे बचाव करणाऱ्या सात खेळाडूंच्या रांगेतील टोकाची जागा, आणि तेथे उभा राहणारा तो कोपरारक्षक. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते, मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा असते, त्यामुळे बोनस रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत केवळ 1.75 मीटर जागा उरते. बचावात किमान सहा खेळाडू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला व दुसरा हवेत ठेवला तर त्याला एक गुण मिळतो. त्या टेकलेल्या पायाचा घोटा धरणे हे कोपरारक्षकाचे काम. हात क्षणभर आधी गेला तर स्पर्शाचा गुण देऊन तो स्वतः बाद होतो, आणि उशिरा गेला तर चढाईपटू निसटतो. बाजूच्या 1 मीटर रुंदीच्या राखीव क्षेत्रात स्पर्शापूर्वी पाय पडला तरी खेळाडू बाद ठरतो, पण स्पर्श होताच तेच क्षेत्र मैदानाचा भाग बनते. म्हणून चांगला कोपरारक्षक घोटा धरून चढाईपटूला रेषेबाहेर रेटतो, आणि कुशल चढाईपटू त्याच पट्टीतून मध्यरेषेकडे झेपावतो. चढाईपटूच्या हनुमान उडीवर प्रेक्षक टाळ्या देतात, परंतु खेळाचे मर्म या घोट्याच्या पकडीत आहे, हे मत येथे निःसंकोचपणे नोंदवावेसे वाटते.

घोटा एकट्याने धरता येतो, टिकवता मात्र क्वचितच येतो. कोपरारक्षकाने पकड करताच शेजारच्याने कमरेला मिठी घालावी लागते, आणि त्यासाठी दोघे हात धरून साखळीत सरकत असतात. साखळीतील जोडीदार कधी झेपावेल हे दुसऱ्याला हाताच्या ओढीवरून कळते, आणि ते कळणे महिन्याभराच्या सरावशिबिरात साधत नाही. किशोर गटापासून एकाच गावाच्या संघात खेळलेली जोडी जेव्हा एकाच महाविद्यालयात प्रवेश घेते, तेव्हा त्या महाविद्यालयाला तयार डावा कोपरा मिळतो. जोडी फुटली की तोच खेळाडू निम्मा वाटतो.

मातीवरून मॅटवर येताना या कलेची कसोटी लागते. मातीत अनवाणी घोट्यावर बोटे घट्ट बसतात, मॅटवर बुटांमुळे हात वर सरकतो. मातीत पाय किंचित घसरतो व त्यातच बचावाला क्षणभर मिळतो, मॅटवर चढाईपटू जागच्या जागी वळतो. मॅटवर वेग अधिक आहे हे मान्य केले तरी मातीचा खेळ कनिष्ठ ठरत नाही, आणि महाविद्यालयांनी कापणीनंतरच्या महिन्यांतही सराव चालू ठेवल्यास दोन्ही पृष्ठभागांचा लाभ खेळाडूंना मिळेल. आजची अडचण अशी की विद्यापीठाचे सामने नेमके शेती आणि मासेमारीच्या ऐन कामात येतात: पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी बंदी 31 जुलैला संपते आणि कोळीवाड्यांतील मुलांचे हात घरी होडीवर हवे असतात. मुलींच्या संघांची गोष्ट निराळी. त्यांचे मैदान 12 बाय 8 मीटरचे, पण सरावाची लांबी बऱ्याचदा गावाकडे जाणारी शेवटची एसटी ठरवते.

तरीही महाविद्यालयीन हंगामाला खेळाडू डावलत नाहीत, कारण विद्यापीठ संघात निवड झाल्याचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडता येते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि पोलीस, रेल्वे, बँका यांचे संघ कबड्डीपटूंना पूर्वीपासून सामावून घेत आले आहेत. पदवीनंतर जोडीतील एक पोलीस भरतीला जातो, दुसरा थळच्या खत कारखान्यात किंवा डोलवीच्या पोलाद प्रकल्पात काम शोधतो. सुट्टी मिळाली तर माघ-फाल्गुनात दोघे गावाच्या संघातून पुन्हा हातात हात घालून उतरतात, आणि महाविद्यालयाच्या क्रीडा शिक्षकाला जुलैत नवा डावा कोपरा शोधावा लागतो.