देवमासा : आपल्या समुद्रातील महाकाय शेजारी

जयपूरच्या सोडाला वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला किंवा विदर्भातील एखाद्या खेड्यात हा अंक वाचणाऱ्या गृहिणीला देवमासा म्हणजे केवळ गोष्टींच्या पुस्तकातील प्राणी वाटला, तर त्यात नवल नाही. समुद्र त्यांच्यापासून शेकडो मैल दूर आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र हा प्राणी अधूनमधून येऊन पडतो आणि बहुधा तेथेच त्याचा अंत होतो. २०१५ च्या जून महिन्यात रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत किनाऱ्यास लागला. त्याला पुन्हा खोल पाण्यात लोटण्याची पुष्कळ खटपट झाली. परंतु ती व्यर्थ गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला.

पाण्याबाहेर पडल्यामुळे तो गुदमरला असेल, असे आपणांस वाटेल. परंतु देवमासा नावापुरताच मासा आहे. आपल्याप्रमाणेच तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि त्यासाठी त्याला वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. त्याचा घात होतो तो निराळ्याच कारणाने. पाण्यात असताना त्याच्या अजस्र देहाचा भार पाणी पेलते. वाळूवर पडताच तो स्वतःच्याच वजनाखाली दडपला जातो. शिवाय ज्या चरबीच्या जाड थरामुळे समुद्रात त्याचे अंग उबदार राहते, त्याच थरामुळे उन्हात तो आतल्या आत तापत जातो.

देवमाशाचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवर चार पायांनी चालत होते. त्यांचे पुढचे पाय वल्ह्यासारखे झाले, मागचे नाहीसे झाले; परंतु सस्तन प्राण्याची लक्षणे टिकून राहिली. मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजून वाढवते. निळ्या देवमाशाचे पिलू जन्मतःच सुमारे २३ फूट लांब असते. आईच्या घट्ट, स्निग्ध दुधावर त्याचे वजन दिवसाला ९० किलोच्या आसपास वाढते. पूर्ण वाढलेला निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत लांब होऊ शकतो. पृथ्वीवर याहून अवजड प्राणी झाल्याचे ज्ञात नाही. तथापि, त्याच्या मुखात एकही दात नसतो. आपली नखे ज्या द्रव्याची असतात, त्याच द्रव्याच्या झालरींतून तो पाणी गाळतो आणि कोळंबीसारखे इवलेसे जीव खाऊन राहतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मासळी एका वेळी हजारो अंडी घालते. निळ्या देवमाशाची मादी दोन-तीन वर्षांतून एकाच पिलाला जन्म देते. त्यामुळे मेलेल्यांची उणीव भरून निघण्यास पिढ्यानुपिढ्या लागतात. माणसाने या गोष्टीचा विचार केला नाही. दिव्याचे तेल, साबण, वंगण यांसाठी देवमाशाची चरबी हवी होती. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या स्वेन फॉइन याने स्फोटक भाला डागणारी तोफ सिद्ध केली आणि निळ्या देवमाशासारखा वेगवान प्राणीही शिकाऱ्याच्या टप्प्यात आला. १९३०-३१ च्या एकाच हंगामात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकात मारल्या गेलेल्या सर्व जातींच्या देवमाशांची संख्या २९ लाखांच्या घरात जाते.

आपला अरबी समुद्रही यातून सुटला नाही. पाठीवरील लहानशा कुबडामुळे हंपबॅक हे नाव पडलेला एक देवमासा येथे राहतो. इतर समुद्रांतील त्याचे भाऊबंद ऋतुमानाप्रमाणे हजारो मैलांचा प्रवास करतात. हा मात्र बारमाही येथेच असतो. सुमारे ७० हजार वर्षांपासून त्याचा वंश वेगळा राहिला असावा, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत जहाजांनी येथे अवैध शिकार करून यांपैकी २४२ देवमासे मारले. पुढे ओमानच्या किनाऱ्यालगत अंदाज घेतला असता त्यांची संख्या शंभराहूनही कमी भरली.

१९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि १९८६ पासून व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. काही देश ती मानीत नाहीत. तरी आपल्या समुद्रातील तोफ आता थांबली आहे. आजचे संकट मात्र आपल्या नित्याच्या व्यवहारातून उद्भवते. मालवाहू जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. मासेमारीच्या जाळ्यांत अडकलेल्यांना श्वासासाठी वर येता येत नाही. यंत्रांच्या गोंगाटात त्यांना एकमेकांची साद ऐकू येत नाही. त्या जहाजांतून येणारे तेल आणि सामान सोडाल्यातल्या घरातही पोहोचतेच. म्हणून समुद्रापासून दूर राहणाराही या प्रश्नापासून दूर नाही.

उपाय अगदीच आवाक्याबाहेरचे नाहीत. जाळ्यात संरक्षित जलचर सापडल्यास तो सोडवण्यासाठी मच्छीमाराला आपले जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे त्याच्या संसाराचा आधार. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. प्राणी वाचावा आणि कोळ्याच्या घरची चूलही विझू नये, अशी ही व्यवस्था आहे.

आपणही दोन गोष्टी करू शकतो. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा अंबर सुगंधी द्रव्यांसाठी चोरून विकला जातो. भारतात तो बाळगणे व विकणे गुन्हा आहे. कितीही मोल सांगितले तरी तो घेऊ नये. दुसरे असे की, कोकणात सहलीला गेला असता किनाऱ्यावर देवमासा पडलेला दिसल्यास प्रथम वन खात्याला कळवावे. गर्दी हटवावी, त्याच्या अंगावर ओली फडकी घालावीत. मात्र डोक्यावरील श्वासाचे छिद्र झाकू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये. मुलांना तो जरूर दाखवावा, पण अंतरावरून. आणि तो आपल्याप्रमाणेच हवेत श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा जीव आहे, हे त्यांना समजावून सांगावे.