टँकमधला खरा गुंड कोण? दिसायला जुळे, स्वभावाने एकदम उलटे मासे ओळखायचे कसे?

मंडळी, खाऱ्या पाण्याचा फिशटँक ही तशी महागडी हौस. मीठ, दगड, दिवे, फिल्टर सगळं जुळवायचं, पाणी तयार होईपर्यंत काही आठवडे रिकाम्या टँककडे बघत बसायचं आणि मग कुठे एकेक मासा घरी आणायचा. सगळं छान चाललेलं असतं आणि एके सकाळी दिसतं, एका माशाचे पर फाटलेत, दुसरा वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा आहे आणि तिसरा दोन दिवस खायलाच आलेला नाही. टँकमध्ये कुणीतरी दादागिरी करतंय. पण कोण?

पहिला संशय साहजिकच सगळ्यात मोठ्या माशावर जातो. पण समुद्री माशांच्या बाबतीत हा अंदाज बऱ्याचदा चुकतो. टँकमधले सगळ्यात तापट मासे अनेकदा बोटाएवढे असतात, दिसायला गोड असतात आणि त्यांचं नाव सांगताना दुकानदाराची आणि घेणाऱ्याचीही गफलत झालेली असते.

दोघेही 'रॉयल', पण फरक मोठा

या गफलतीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक. दोघांचंही पुढचं अर्धं अंग जांभळं आणि मागचं अर्धं पिवळं. दोघेही साधारण ७-८ सेंटीमीटरचे. नावातही दोघांच्या 'रॉयल'. घाईत बघितलं तर जुळे भाऊच वाटतील. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या कुळांतले आहेत आणि राहतातही वेगवेगळ्या महासागरांत.

रॉयल ग्रामा कॅरिबियन समुद्रातला. प्रवाळातल्या कपारीत राहतो आणि कपारीच्या छताला पोट लावून चक्क उलटा पोहतो. कुणी दाराशी आलं तर तोंड मोठं उघडून घाबरवतो, पण बहुतेकदा तेवढ्यावरच थांबतो. त्याच्याच जातीचा दुसरा मासा सोबत ठेवला नाही, तर तो शांत शेजारी आहे.

रॉयल डॉटीबॅक पश्चिम प्रशांत महासागरातला. आपल्या कपारीपुरता हक्क त्याला पुरत नाही. छोट्या टँकमध्ये तो सगळा टँकच आपला मानतो. आपल्यासारख्या दिसणाऱ्या, लहान किंवा मवाळ माशांचा पाठलाग करून तो त्यांचे पर कुरतडतो. छोट्या कोळंब्याही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत.

मग ओळखायचं कसं? तीन ठिकाणी बघा.

१. रंगांची सीमा: ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो. डॉटीबॅकच्या अंगावर मात्र पट्टी ठेवून रेघ मारावी तसे दोन रंग वेगळे होतात.

२. पाठीवरचा पर: ग्रामाच्या पाठीवरच्या पराच्या सुरुवातीला एक काळा ठिपका असतो. डॉटीबॅकला तो नसतो आणि त्याचे पर जवळजवळ पारदर्शक असतात.

३. डोळा: ग्रामाच्या डोळ्यातून तिरकी जाणारी गडद रेघ दिसते. डॉटीबॅकला ती नसते.

लहानपणी गोंडस, मोठेपणी दादा

दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे डोमिनो डॅमसेल. काळाकुट्ट, कपाळावर एक आणि दोन्ही अंगांना एकेक असे तीन पांढरे ठिपके. स्वस्त, काटक आणि लहानपणी पेरभर. म्हणूनच नवशिक्यांना बरेचदा पहिला मासा म्हणून हाच दिला जातो. इथेच घोळ होतो. सगळ्यात आधी आलेला हा मासा टँकचा मालक होऊन बसतो आणि नंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो. वाढता वाढता तो तळहाताएवढा होतो. त्याचे ठिपके फिके पडतात, रंग राखाडीकडे झुकतो. त्यामुळे लहानपणीच्या फोटोशी ताडून बघणाऱ्याला तो ओळखूही येत नाही.

गंमत म्हणजे २००३ च्या 'फाइंडिंग निमो'मुळे घराघरांत पोचलेला क्लाउनफिशही याच डॅमसेल कुळातला. निमोसारखे क्लाउनफिश तसे निभावून नेतात, पण त्यांच्यातली मरून क्लाउनफिशची मादी मोठी झाली की तिच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकायची सोय नसते.

मुळात हे भांडतात कशासाठी?

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी प्रवाळातल्या माशांचं समुद्रात आणि टँकमध्ये निरीक्षण केलं होतं. १९६३ साली आलेल्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की भडक रंगाचे मासे सगळ्यात जास्त हल्ले स्वतःच्याच जातीवर करतात. कारण सरळ आहे. जो आपल्यासारखा, त्याला आपलीच कपार आणि आपलंच अन्न हवं असतं. सारख्या रंगाचा किंवा आकाराचा मासा टँकमध्ये आणला की भांडण पेटतं, ते यामुळेच.

समुद्रात हरलेला मासा चार हात लांब जातो आणि विषय संपतो. टँकमध्ये चार हातांवर काच असते. हरलेल्याला पळायला जागाच नसते, त्यामुळे मारणारा थांबत नाही. म्हणजे मासा 'दुष्ट' नसतो, जागा अपुरी असते.

चोर पकडायचा कसा?

आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. पाणी बिघडलं असेल तर बहुतेक सगळेच मासे धापा टाकतात. गुंडगिरी असेल तर एकदोघांचेच हाल दिसतात.

मग जखम बघा. पराचा तुकडा तोडल्यासारखा गेला असेल तर तो चावा असण्याची शक्यता जास्त. कडा पांढरट होऊन झिजत असतील तर तो संसर्ग असू शकतो. अंगावर सरळ, लांब चीर असेल तर सर्जनफिशकडे बघा. त्याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, नावही त्यावरूनच पडलंय.

त्यानंतर लांब बसून अर्धा तास नुसतं बघा. खायला टाकताना आणि दिवे बंद व्हायच्या सुमाराला खास लक्ष ठेवा. कपारीत शिरण्यावरून तेव्हाच जुंपते. अंधारात लाल उजेडाची बॅटरी वापरा, अनेक माशांना लाल प्रकाश नीट दिसत नाही. कोण कुणामागे धावतो यापेक्षा कोण आल्यावर बाकीचे जागा सोडतात, हे पाहा.

आणि एक लक्षात ठेवा, सकाळी मेलेल्या माशावर ताव मारणारा खेकडा खुनी असेलच असं नाही. तो फक्त साफसफाई करत असू शकतो.

सापडला, आता पुढे?

दगडांची मांडणी बदलली की सगळ्यांच्या हद्दी पुसल्या जातात आणि काही वेळा तेवढ्यानेच भागतं. नाहीतर गुंडाला काही दिवस वेगळ्या टँकमध्ये किंवा टँकमध्येच जाळीच्या डब्यात ठेवतात. तो परत येईपर्यंत बाकीचे स्थिरावलेले असतात. तरीही जमलं नाही, तर तो दुकानात परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या माणसाला द्यावा. पुढच्या वेळी क्रम पाळा, शांत मासे आधी, भांडखोर सगळ्यात शेवटी.

मात्र वैतागून मासा खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ सापडला. टँकमधून सोडलेल्या माशांमुळेच तो तिथे पोचला असं मानलं जातं. आज तो कॅरिबियनभर पसरलाय आणि तिथले छोटे मासे फस्त करतोय. जिथे रॉयल ग्रामा राहतो, तोच हा समुद्र!

घरात येणारे बहुतेक समुद्री मासे आजही थेट समुद्रातूनच पकडलेले असतात. चुकीच्या ओळखीमुळे त्यातला एखादा कोपऱ्यात अंग चोरून मरतो, तर कधी निरपराध माशाची हकालपट्टी होते आणि गुंड तिथेच राहतो. म्हणून मंडळी, मासा विकत घेण्याआधी दोन मिनिटं काचेसमोर थांबा. जांभळा-पिवळा रंग बघून भुलू नका, पाठीवरचा तो काळा ठिपका आहे का ते बघा!