राजाश्रयाकडून तिकीटबारीकडे

दारासिंग यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या की लुटुपुटूच्या, हा प्रश्न त्यांच्या हयातीत विचारला गेला आणि १२ जुलै २०१२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावरही तो संपलेला नाही. प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. मल्लविद्येच्या इतिहासात त्याहून मूलभूत असा एक प्रश्न आहे. तो म्हणजे पहिलवानाच्या खुराकाचा. दूध, तूप, बदाम यांचा खर्च कोणी सोसायचा आणि अंगातील बळ ओसरल्यावर त्या माणसाने जगायचे कशावर? दारासिंग यांची सारी कारकीर्द म्हणजे या प्रश्नाला दिलेले एक उत्तर होय.

आधीच्या पिढीपाशी याचे उत्तर होते ते राजाश्रयाचे. गामा पहिलवानांनी १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झ्बिस्को याला अडीच तासांहून अधिक काळ झुंजविले आणि १९२८ साली पतियाळा येथे त्याच मल्लाला मिनिटभरात चीत केले. ही दुसरी लढत पतियाळा दरबारच्या आश्रयाने झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान याच परंपरेतले. पण फाळणी झाली, संस्थाने विलीन झाली आणि आश्रयदातेच उरले नाहीत. गामा लाहोरला राहिले व १९६० साली तेथेच वारले. ज्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, त्यांचे अखेरचे दिवस आजारपणात आणि ओढगस्तीत गेले.

अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक या खेड्यात १९ नोव्हेंबर १९२८ रोजी जन्मलेल्या दारासिंग यांच्या वाट्याला हा राजाश्रय आलाच नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास ते सिंगापूरला गेले, तेथे कारखान्यात नोकरी धरली आणि हरनामसिंग यांच्या हाताखाली कुस्तीचे धडे गिरवले. त्या शहरात कुस्ती हा दरबारी मानाचा विषय नव्हता. तो तिकीट लावून करावयाचा खेळ होता. मल्लाचे पोट महाराजांच्या मर्जीवर नव्हे, तर गल्ल्यावर अवलंबून होते. पंजाबच्या आखाड्यातील या तरुणाने हा नवा व्यवहार तेथे पुरता जाणून घेतला.

भारतात परतल्यावर १९५४ साली ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब, १९५९ साली कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएंको याला हरवून राष्ट्रकुल विजेतेपद आणि १९६८ साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ याच्यावर मात, अशी त्यांची चढती कमान होती. सुमारे दोनशे किलो वजनाच्या किंगकाँगला त्यांनी उचलल्याच्या कथा गावोगाव सांगितल्या गेल्या. व्यावसायिक कुस्तीचे निकाल बहुधा आधी ठरलेले असतात, हे आता जगभर मान्य झाले आहे. त्या काळच्या मुंबईकरांनाही त्याची शंका येतच होती. तरीही मैदाने भरत. कारण निकाल ठरवता आला, तरी पहाटेची मेहनत ठरवून खोटी करता येत नाही. लोकांनी विश्वास टाकला तो निकालावर नव्हे, माणसावर.

या विश्वासाचे मोल दारासिंग यांनी जाणले. १९६२ च्या ‘किंगकाँग’पासून ते पडद्यावरील नायक झाले आणि १९८३ साली कुस्तीतून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी उदरनिर्वाहाची दुसरी वाट बांधून काढली होती. साठीच्या उंबरठ्यावर, १९८७ साली, दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत ते हनुमान झाले, तेव्हा कोणालाही विसंगती वाटली नाही. बळ आणि विनय यांची जी जोड जनमानसात त्यांच्या नावाशी जडली होती, तिचाच तो विस्तार होता. २००३ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. ‘मोठा दारासिंगच लागून गेलास!’ हे वाक्य तर मराठी घरांत केव्हाच रुळले होते.

तथापि या उत्तराची मर्यादाही ओळखली पाहिजे. तिकीटबारीने एक दारासिंग तारला. हजारो तालमी ती तारू शकली नाही. प्रेक्षक पैसा देतो तो नावाला आणि नाट्याला. कसोटीच्या निकोप कुस्तीला तो देईलच, असे नाही. याच काळात, १९५२ साली, खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. एकाच्या कुस्तीबद्दल शंका घेतली गेली, पण त्याला लोकाश्रय लाभला. दुसऱ्याच्या कुस्तीबद्दल शंकेला जागाच नव्हती, पण त्याला आश्रय देणारा कोणी भेटला नाही.

यात दोष दारासिंग यांचा नाही. जी वाट मोकळी होती, ती त्यांनी धरली आणि प्रतिष्ठेने चालून दाखवली. दोष असलाच, तर राजाश्रय गेल्यावर त्याची जागा कोणी घ्यायची, याचा विचार न करणाऱ्या समाजाचा आहे. राजे गेले, तेव्हा त्यांचे मानमरातब आपण आनंदाने वारसाहक्काने घेतले. त्यांच्या जबाबदाऱ्यांचा वारसा मात्र बेवारस राहिला. आजही पहाटे तालमीत घाम गाळणाऱ्या पोराच्या खुराकाचा खर्च बहुतेक वेळा त्याचा शेतकरी बापच सोसतो. दारासिंग यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या का, हे विचारण्याआधी या प्रश्नाचे खरे उत्तर आपण दिले पाहिजे.