गाडी कोणाची, चालक कोणाचा?



मुंबई-गोवा महामार्गावरील लांजा हे रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथे एस. टी.चे आगार आहे. कोकणातील अशा कोणत्याही आगारात सायंकाळी उभे राहावे, म्हणजे वस्तीच्या गाड्या सुटताना दिसतात. कडेच्या एखाद्या गावी गाडी मुक्कामास जाते, चालक आणि वाहक तेथेच निजतात, आणि सकाळी शाळेची मुले, बाजारास निघालेल्या बायका आणि दवाखान्यात जावयाची म्हातारी माणसे यांना घेऊन ती तालुक्याला परतते. चालकास वाटेतले प्रत्येक वळण ठाऊक असते. कोणत्या फाट्यावर कोण हात करील, हेही ठाऊक असते. ही गाडी महामंडळाची आणि चालकही महामंडळाचा. परंतु त्याच महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीविषयी असे म्हणता येत नाही. गाडीवर नाव एकाचे असावे आणि चालक दुसऱ्याचा नोकर असावा, ही रीत अलीकडे रूढ होत चालली आहे. तिचा अर्थ काय, आणि कामगारांच्या करारात तिला एवढे महत्त्व का, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

या रीतीची परिभाषा विमानाच्या धंद्यातून आलेली आहे. विमान कंपनी दुसऱ्याचे विमान दोन प्रकारांनी भाड्याने घेते. नुसते विमान घेतले आणि त्यावर आपले वैमानिक नेमले, तर त्यास 'ड्राय लीज' म्हणतात. विमानाबरोबर वैमानिक, देखभाल आणि विमाही मालकाचाच घेतला, तर ती 'वेट लीज'. 2023 साली इंडिगो कंपनीने इस्तंबूलच्या फेऱ्यांसाठी तुर्की विमान कंपनीची बोइंग 777 जातीची दोन विमाने अशा दुसऱ्या प्रकाराने घेतली. तिकीट हिंदी कंपनीचे, पण विमान हाकणारा परक्या कंपनीचा, असा हा प्रकार होय. मोठे विमान तातडीने हवे असते आणि ते चालविणारे वैमानिक हाताशी नसतात, तेव्हा कंपनीस हा मार्ग सोयीचा वाटतो. वैमानिकास मात्र त्यात दुसरीच गोष्ट दिसते. वैमानिकाची बढती ज्येष्ठतेच्या यादीवर ठरते. लहान विमानावरून मोठ्या विमानावर आणि साहाय्यकाच्या आसनावरून कप्तानाच्या आसनावर जाण्यासाठी तो वर्षानुवर्षे वाट पाहतो. मोठे विमान परक्या वैमानिकांसह आले, तर त्याच्या शिडीची वरची पायरीच नाहीशी होते.

म्हणूनच अमेरिकेतील वैमानिक संघांनी आपल्या करारांत पगाराच्या कलमाइतकेच दुसऱ्या एका कलमास महत्त्व दिले. त्यास तेथे 'स्कोप' म्हणतात. आपण त्यास 'कामाच्या हद्दीचे कलम' म्हणू. कंपनीच्या नावाने होणारे कोणते उड्डाण कंपनीचेच वैमानिक करतील आणि कोणते बाहेर देता येईल, हे त्यात लिहिलेले असते. तेथील तीन मोठ्या कंपन्यांच्या करारांत बाहेरच्या लहान कंपन्यांकडे देता येणाऱ्या विमानाची मर्यादा 76 आसनांची आहे. ही मर्यादा किती मोलाची, हे डेल्टा कंपनीच्या 2012 सालच्या करारावरून दिसते. वैमानिकांनी बाहेर देण्याच्या 76 आसनी विमानांची संख्या वाढवू दिली; पण त्याच्या बदल्यात बाहेरची 50 आसनी विमाने कमी करावयाची आणि कंपनीने स्वतःच्या ताफ्यात नवी विमाने आणावयाची, अशी अट घातली. म्हणजे एक आसनही फुकट सोडले नाही.

हा केवळ पोटाचा प्रश्न आहे, असे मात्र कोणी समजू नये. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलो शहराजवळ एक विमान कोसळून 50 माणसे मेली. विमानावर कॉन्टिनेंटल कंपनीचे नाव होते, परंतु ते चालवीत होती कोलगन नावाची लहान कंपनी. चौकशीत वैमानिकाची चूक निष्पन्न झाली. त्याबरोबरच अशा लहान कंपन्यांतील वैमानिकांचे शिक्षण, त्यांचा थकवा आणि त्यांचे तुटपुंजे पगार या गोष्टीही चव्हाट्यावर आल्या. पुढे अमेरिकेच्या विधिमंडळाने कायदा करून प्रवासी विमानाच्या साहाय्यक वैमानिकासही सामान्यतः 1500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरविला. उतारूने तिकीट काढले ते नाव पाहून. प्रत्यक्ष जबाबदारी होती दुसऱ्याच्या हाती.

आता विमानातून उतरून पुन्हा मोटारीत बसू. 'वेट लीज' हा शब्द मुंबईच्या बेस्टने जसाच्या तसा उचलला. जानेवारी 2019 मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. त्याच वर्षी पुढे कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्यात बेस्टने स्वतःच्या 3337 गाड्यांचा ताफा कायम राखावा, असे ठरले. श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल की, हे कामाच्या हद्दीचेच कलम होय. परंतु जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या, त्यांच्या जागी पुरेशा नव्या आल्या नाहीत, आणि काही वर्षांतच स्वतःचा ताफा त्या आकड्याच्या निम्म्याहूनही खाली आला. संख्या लिहिली गेली. ती न पाळल्यास काय होईल, याचा धाक मात्र उरला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये भाड्याच्या गाड्यांवरील चालकांनीच तुटपुंज्या पगारासाठी काम बंद ठेवले. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यास भाड्याच्या एका विजेच्या गाडीने अनेकांचे प्राण घेतले, तेव्हा चालकास पुरेसे शिक्षण मिळाले होते काय, हा प्रश्न सर्वांच्या तोंडी झाला.

एस. टी.ची कहाणी याहून निराळी नाही. 2017 साली 'शिवशाही' गाड्या सुरू झाल्या. त्यांतील भाड्याने घेतलेल्या गाड्यांवर वाहक महामंडळाचा आणि चालक खासगी मालकाचा, अशी वाटणी होती. त्याच वर्षी ऐन दिवाळीत चार दिवसांचा संप झाला. 2018 साली चार वर्षांच्या करारासाठी 4849 कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर झाली. 2021 च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालेला संप सुमारे साडेपाच महिने चालला. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करावे, ही त्यातील मुख्य मागणी. ती मान्य झाली नाही. पगारात वाढ झाली, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 22 एप्रिल 2022 पर्यंत कामगार परतले. 2024 च्या सप्टेंबरात गणेशचतुर्थी तोंडावर आली असताना पुन्हा दोन दिवस गाड्या थांबल्या आणि मूळ वेतनात 6500 रुपयांची वाढ पदरात पडली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात परिवहन मंत्र्यांनी 17,450 चालक व साहाय्यक कंत्राटी पद्धतीने घेण्याचे जाहीर केले.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. एका हाताने पगार वाढतो, आणि दुसऱ्या हाताने तो पगार मिळविणाऱ्या जागा कमी होण्याचा मार्ग मोकळा होतो. पगार जितका वाढेल, तितका बाहेरचा चालक स्वस्त दिसू लागतो. म्हणून हद्दीच्या कलमावाचून केलेला वेतनकरार म्हणजे बूड गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

कायदा ही उणीव भरून काढील, असा भरवसा धरण्यातही अर्थ नाही. बारमाही कामावर कंत्राटी मजूर ठेवण्यास बंदी घालण्याची तरतूद 1970 च्या कायद्यात होती. मुंबईतील एअर इंडियाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणी 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी बंदी झाली म्हणजे कामगार आपोआप मूळ मालकाचा नोकर ठरतो. पण 2001 साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने हे मत मोडीत काढले. तेव्हा जे हवे, ते करारातच लिहून घ्यावयास हवे.

व्यवस्थापनाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. नव्या गाड्यांना भांडवल लागते, तोटा वर्षानुवर्षे साचलेला असतो, आणि भाड्याच्या गाडीचे पैसे एकदम मोजावे लागत नाहीत, किलोमीटरमागे द्यावे लागतात. ही अडचण खोटी नव्हे. शिवाय कंत्राटी चालक हा काही शत्रू नव्हे. तोही बहुधा आपल्याच वाडीतला तरुण असतो, आणि कायमच्या जागा निघाल्या असत्या, तर त्याने तेथेच अर्ज केला असता. म्हणून मागणी त्याला घालविण्याची नसावी. कोणते मार्ग बाहेर द्यावयाचे नाहीत, भाड्याच्या गाड्यांचे प्रमाण किती असावे, त्यांवरील चालकास किती दिवसांचे शिक्षण आणि किती पगार मिळावा, आणि हे मोडल्यास काय भरपाई द्यावी, एवढ्या चार गोष्टी करारात स्पष्ट असाव्यात.

लांज्यासारख्या तालुक्यास तर याचे महत्त्व अधिक आहे. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्या मालकास महामार्ग लाभाचा. घाटातल्या वाडीची वस्तीची गाडी त्यास कधीच परवडणारी नाही. ती चालते, कारण ती चालविणे हे कोणाचे तरी कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. पुढच्या करारात किती टक्के वाढ मिळाली, हे वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येईल. आपण मात्र त्याखालचा बारीक मजकूरही वाचावा, आणि पहाटेच्या त्या गाडीवर उद्या कोण बसणार आहे, हे त्यात लिहिले आहे की नाही, ते पाहावे.