प्रीअर, एव्हलिन
(२६ जुलै १८९६–नोव्हेंबर १९३२). मूकपटाच्या काळातील आद्य आफ्रिकन-अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री व नाट्यकलावती. जन्म अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे. वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर ती शिकागोस आली व तेथेच वाढली. त्या काळी हॉलिवूडच्या चित्रपटांत कृष्णवर्णीयांच्या वाट्यास मुख्यतः नोकरचाकरांच्या वा हास्यास्पद भूमिका येत. पुष्कळदा त्याही चेहऱ्यास काळा रंग लावलेले गोरे नट करीत. त्यामुळे कृष्णवर्णीय नटसंच घेऊन कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी स्वतंत्र चित्रपट काढले जाऊ लागले. एव्हलिन ही त्यांतील पहिल्या प्रमुख नायिकांपैकी होय.

या चित्रपटांचा अग्रणी निर्माता-दिग्दर्शक ऑस्कर मिशो याच्या द होमस्टेडर (१९१९) या मूकपटाने तिची चित्रपटीय कारकीर्द सुरू झाली. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्यानंतरच्या विदिन अवर गेट्स (१९२०) मध्ये तिने सिल्व्हिया लँड्री या शिक्षिकेची भूमिका केली. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांची शाळा टिकावी म्हणून सिल्व्हिया निधीच्या शोधात उत्तरेत जाते. तिचा पूर्ववृत्तांत चित्रपटाच्या अखेरीस उलगडतो : खुनाच्या खोट्या आरोपावरून गोऱ्या जमावाने तिच्या पालक मातापित्यांना फासावर लटकविलेले असते. शिकागोत १९१९ च्या उन्हाळ्यात वांशिक दंगल झाली होती. या दृश्यांनी क्षोभ उसळेल, या भीतीने तेथे चित्रपटास विरोध झाला. सोशिक परंतु स्वाभिमानी अशा सुशिक्षित स्त्रीचे जे चित्र एव्हलिनने यात उभे केले, ते पडद्यावर त्या काळी दुर्मिळ होते. द ब्रूट (१९२०), द गन्सॉलस मिस्टरी (१९२१) इ. मिशोच्या अन्य मूकपटांतही तिने कामे केली.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये स्थापन झालेल्या ‘लाफायेट प्लेअर्स’ या नाटकमंडळीत ती १९२० मध्ये दाखल झाली. याच मंडळीतील नट एडवर्ड टॉम्पसन याच्याशी तिने १९२४ मध्ये विवाह केला. तत्पूर्वी १९२३ मध्ये ‘इथिओपियन आर्ट प्लेअर्स’ या मंडळीतर्फे ब्रॉडवेवर झालेल्या ऑस्कर वाइल्डच्या सालोमे नाटकात तिने नायिकेची भूमिका केली. विलिस रिचर्ड्‌सनच्या द चिप वुमन्स फॉर्च्यून या नाटकातही ती होती. ब्रॉडवेवर आलेले कृष्णवर्णीय नाटककाराचे हे पहिले गंभीर नाटक होय.

बोलपटांच्या आगमनानंतर मात्र तिला तोलामोलाच्या भूमिका मिळाल्या नाहीत. द मेलँकली डेम (१९२९) हा लघुबोलपट गोऱ्या लेखकाच्या विनोदी कथेवर आधारलेला होता, तर ब्लाँड व्हीनस (१९३२) मधील तिच्या छोट्या भूमिकेचा श्रेयनामावलीत निर्देशही नव्हता. त्याच वर्षी, कन्येच्या जन्मानंतर काही महिन्यांतच, न्यूमोनियाने लॉस अँजेल्स येथे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिचे निधन झाले.

तिचे बहुतेक मूकपट नष्ट झाले आहेत. विदिन अवर गेट्सची एक प्रत १९७० नंतरच्या दशकात स्पेनमध्ये सापडली व तीवरून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने १९९३ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. तिच्या मूक अभिनयाचा प्रत्यक्ष पुरावा मुख्यतः या एकाच चित्रपटात उरला आहे.