विहिरीची पातळी : आकडा कसा वाचावा?

दिवाळीच्या सुमारास काठोकाठ दिसणारी विहीर होळीला तळ दाखवते. ‘एवढे पाणी गेले कुठे?’ असे वर्गात विचारले, तर बहुतेक मुले सांगतील, ‘पंपाने उपसले.’ उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. मुळात जमिनीत पाणी होते किती?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी राहते ते प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये. पाणी साठवणाऱ्या आणि विहिरीला पुरवणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात. झिजलेल्या बेसाल्टमधून निथळून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात.

यावरून हिशेब करू. पावसाचे १० सेंटिमीटर पाणी मुरले, तर पातळी १० ÷ ०.०२ = ५०० सेंटिमीटर, म्हणजे ५ मीटर चढेल. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळात हे प्रमाण सुमारे १६ टक्के असते. तेथे तेवढ्याच पाण्याने पातळी जेमतेम ६० सेंटिमीटर चढेल. म्हणून बेसाल्टमधली विहीर लवकर भरते आणि लवकर आटते. ती भरली म्हणजे पाणी मुबलक झाले, असे नाही.

उलट बाजूने पाहा. १ हेक्टर जमिनीखालची पातळी १ मीटर उतरली, तर २०० घनमीटर पाणी मिळते. त्याच हेक्टरवरील पिकाला ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यायला मात्र ५०० घनमीटर लागते. म्हणजे एका पाळीसाठी अडीच मीटर पातळी खर्ची पडली! विहीर तरीही टिकते, कारण शेजारच्या न भिजणाऱ्या जमिनीखालचे पाणी तिच्याकडे येते. सगळ्यांनीच उपसा सुरू केला, की हा आधार संपतो.

मोजायचे केव्हा?

पंप चालू असताना भोवतालची भूजल पातळी विहिरीकडे उतरती होते. पंप थांबला, की झऱ्यांनी पाणी येऊन विहीर हळूहळू चढते. त्यामुळे पंप बंद होताच घेतलेली नोंद उपशाचा परिणाम दाखवते, जलधराची स्थिर पातळी नव्हे. ‘सकाळी मोजा’ एवढे सांगणेही पुरत नाही. शेतीला रात्री वीज असेल, तर पंप पहाटेपर्यंत चाललेला असू शकतो.

शाळेसाठी उपक्रम

शक्यतो उपसा नसलेली, मजबूत कठड्याची विहीर निवडा. मोजणी शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावी. टेपला वजन बांधून कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. त्यातून कठड्याची उंची वजा केली, की जमिनीपासूनची खोली मिळते. दर पंधरवड्याला तारीख, वेळ, खोली, शेजारचा पंप कधी थांबला आणि मधल्या काळातील पाऊस यांची नोंद करा. बोअरवेलची नोंद वेगळी ठेवा. ती दुसऱ्याच, खोल थरातील पाणी दाखवत असेल.

आलेख काढताना शून्य वर ठेवा, म्हणजे रेषा उतरली की पातळी उतरली असे सरळ दिसेल. मेची तुलना ऑक्टोबरशी केली, तर ऋतूंचा चढउतार कळतो. पातळी वर्षानुवर्षे खालावते आहे का, हे पाहायला मात्र मेची तुलना आधीच्या मेशीच करावी लागते, आणि तीही त्या वर्षांचा पाऊस शेजारी मांडून.

केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातून मोठ्या प्रदेशाचे चित्र मिळते. पण रब्बीचे पंप सुरू झाल्यावर आपल्या शिवारात पाणी किती झपाट्याने उतरते, हे पंधरवड्याच्या नोंदीच सांगतील. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, की तो आलेख ऑक्टोबरमध्ये ग्रामसभेत लावा. गहू घ्यायचा की कमी पाण्याचा हरभरा, हे पेरणीपूर्वी ठरवता येते. मार्चमध्ये विहीर आटल्यावर नाही.