पहिलं पिस्तूल घेताना

"आई, मला स्वतःचं पिस्तूल हवंय."

रविवारची सकाळ, ताटात इडल्या, आणि सतरा वर्षांच्या लेकीचं हे वाक्य. तिच्या बाबांच्या हातातली चटणीची वाटी तशीच राहिली. संध्याकाळी कोल्हापूरला फोन लागला, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, "पोरीच्या हातात पिस्तूल? चेन्नईला जाऊन हे काय खूळ काढलंय?"

खूळ खरं तर कोल्हापूरचंच होतं. राही सरनोबत आमच्याच गावची. 2013 मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवॉनला तिने 25 मीटर पिस्तूल प्रकारात विश्वचषक स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाली, दोनदा शूट-ऑफ घ्यावं लागलं आणि सुवर्ण राहीकडे आलं. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. राहीने प्रेरणा घेतली ती कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतकडून, आणि 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळेही याच जिल्ह्यातला. लेकीने आजीला हे सगळं ऐकवलं. आजी म्हणाली, "ते ठीक आहे. पण त्या पोरींनी पहिल्याच दिवशी पिस्तूल विकत घेतलं होतं का?"

आजीचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधताना आम्ही दोन-तीन महिने घालवले आणि बरंच शिकलो. तुमच्या घरातही कुणी नेमबाजीकडे वळलं असेल, तर ते उपयोगी पडेल म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हवेचं, मग काडतुसाचं

नेमबाजीत दोन वेगळी पिस्तुलं असतात. 10 मीटरवर चालतं ते एअर पिस्तूल. त्यात दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो. 25 मीटरच्या महिलांच्या स्पर्धेत लागतं ते .22 चं, म्हणजे 5.6 मिलिमीटर नळीचं, खऱ्या काडतुसाचं पिस्तूल. या काडतुसाला 'रिमफायर' म्हणतात, कारण आग धरणारी दारू त्याच्या बुडाच्या कडेत भरलेली असते. पिस्तुलातली पिन त्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. हे .22 लाँग रायफल काडतूस 1887 पासून वापरात आहे. आवाज कमी, धक्का कमी आणि मोठ्या काडतुसांच्या मानाने स्वस्त, म्हणून शिकणाऱ्यासाठी ते सोयीचं.

पण 'छोटं' म्हणजे 'खेळण्यातलं' नव्हे. अडीच ग्रॅमची ती शिशाची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच प्रशिक्षक आधी वर्ष-दोन वर्षं एअर पिस्तूलच हातात देतात. उभं राहणं, श्वास, नजर, चाप दाबणं हे सगळं तिथेच मुरतं. लेकीची दोन वर्षं क्लबच्या एअर पिस्तुलावर झाली होती, आणि गेल्या सहा महिन्यांत सर तिला क्लबचं .22 ही देऊ लागले होते.

कायदा काय म्हणतो

स्पर्धेच्या साध्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. .22 ला मात्र लागतो आणि तिथे पळवाट नाही. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम लागू होतात. परवाना मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तांकडून आणि जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि शस्त्र घरी कुठे, कसं कुलपात ठेवणार हेही सांगावं लागतं. स्वतःच्या नावावर शस्त्र बाळगायला 21 वर्षं पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, पण ती मोठ्यांच्या देखरेखीखाली.

परदेशी बनावटीचं पिस्तूल मागवायचं असेल तर राष्ट्रीय स्तरावर ठरावीक गुण मिळवलेले असावे लागतात आणि राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत जावं लागतं. थोडक्यात, दुकानात जाऊन, पसंत करून, पिशवीत घालून आणायची ही वस्तू नाही. हे कळल्यावर आजीचा जीव भांड्यात पडला.

स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

आमची खरी परीक्षा पुढे होती. रेंजवरचे एक ज्येष्ठ नेमबाज आपलं जुनं इटालियन पिस्तूल विकणार होते. किंमत निम्म्याहून कमी. "आठवड्यात सांगा, दुसरे दोघं तयार आहेत," असा निरोप आला. लेकीच्या डोळ्यांपुढे दुसरं काही दिसेना. परवान्याची कागदपत्रं वडिलांच्या नावावर करू, मग बघू, इथपर्यंत आमची मजल गेली.

सर हसले. म्हणाले, "आधी तिला रेंजवर त्याच्यावर साठ गोळ्या मारू द्या. मग बोलू."

मूळ मालक शेजारी उभे राहिले आणि लेकीने नेम धरला. पहिल्या दहा गोळ्या छान. विसाव्या गोळीनंतर मनगट थरथरू लागलं. चाळिसाव्याला तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि तळहात दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी लाल वण उठला होता. ती मूठ एका उंचपुऱ्या गृहस्थांच्या पंजासाठी तासून घेतलेली होती. लेकीचं बोट चापापर्यंत पोचायला ताणावं लागत होतं आणि त्या ताणाने प्रत्येक गोळी थोडी डावीकडे जात होती.

त्या दिवशी घरी येताना एग्मोर ते अड्यार ती एक शब्द बोलली नाही. रात्री मात्र वही घेऊन बसली आणि तिने स्वतःच यादी केली. ती यादी, सरांच्या दुरुस्त्यांसह, पुढे देते.

निवडताना काय बघायचं

मूठ: सगळ्यात आधी हीच. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापात आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगवेगळी येते. हात सैल सोडून पुन्हा धरला तरी बोटं दर वेळी त्याच जागी बसली पाहिजेत. लाकूड थोडं तासता येतं, लांबी भरता येते, पण एकदम मोठ्या मापाची मूठ लहान हाताला बसत नाही.

चाप: 25 मीटर प्रकारात चापाचा भार निदान 1000 ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेआधी तो वजन टांगून तपासतात. एक लिटर पाण्याची बाटली चापाला अडकवून उचलल्यासारखंच. एअर पिस्तुलाला 500 ग्रॅम चालतात, म्हणून तिथून इकडे येताना बोट बिचकतं. भार नियमात हवा, पण चाप दर वेळी त्याच जागी, झटका न देता सुटतो का, हे जास्त महत्त्वाचं.

वजन आणि तोल: नियमाप्रमाणे पिस्तूल 1400 ग्रॅमपर्यंत असू शकतं आणि नळी 153 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. जड पिस्तूल स्थिर राहतं, पण वाढत्या वयाच्या मुलीने ते साठ गोळ्या एका हाताने पेलायचं असतं. सुरुवातीला हलकं घ्यावं. बऱ्याच पिस्तुलांना पुढे जोडायची वजनं मिळतात, ती ताकद वाढेल तशी लावता येतात.

गोळ्यांशी जमतं का: एकाच बनावटीच्या काडतुसावर एक पिस्तूल लोण्यासारखं चालतं, दुसरं अडकतं. आपल्या क्लबला नियमित मिळणारी काडतुसं घेऊन निदान शंभर गोळ्या मारून बघाव्यात. टोक्योला 2021 मध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, बरीच मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं जिंकली. पण यंत्र दगा देतं तेव्हा काय होतं, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं.

सुटे भाग: वॉल्थर, पार्डिनी, हॅमर्ली, फाइनवर्कबाउ, मोरिनी ही नावं रेंजवर सतत कानावर पडतात. सगळीच चांगली आहेत. आपल्या शहरात त्यातलं कोणतं दुरुस्त करणारा माणूस आहे, स्प्रिंग आणि पिन कुठे मिळतात, ते आधी विचारावं. क्लबमध्ये चार जणांकडे असलेलं पिस्तूल कधीही बरं.

जुनं घेताना: नळी आतून स्वच्छ आहे का, पिन आपटते तिथली कड ठोकली गेली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावं. रिमफायर पिस्तुलात काडतूस न घालता चाप दाबत राहिलं तर पिन नळीच्या कडेवर आपटून ती कड खराब होऊ शकते. काही पिस्तुलांत कोरड्या सरावाची वेगळी सोय असते, नसेल तर नकली काडतूस वापरतात.

चेन्नईच्या हवेत

समुद्रकाठच्या गावात लोखंडाचा पहिला शत्रू हवा. इथे मार्गळीचे दिवस सोडले तर अंग सतत चिकचिकतं, तसंच पिस्तुलाचंही. घामाच्या हाताचे ठसे रात्रीत गंजाचे डाग होतात. सराव झाला की पुसून तेलाचा हलका हात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिस्तूल स्पंजच्या बंद पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवायचं नाही. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या वाचकांनाही हे लागू आहे.

घरासाठी चार नियम

शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. किल्ली मोठ्यांकडे. घरात पाहुण्यांना दाखवायला पिस्तूल काढायचं नाही, समाजमाध्यमांवर फोटोही नाही. रेंजवर कान आणि डोळे झाकलेले हवेत. आणि परत आल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवायचे, कारण शिसं बोटांना लागतं. हा शेवटचा नियम आजीला सर्वांत आवडला.

मग घेतलं का?

नाही. ते इटालियन पिस्तूल आम्ही सोडलं. लेक क्लबच्याच .22 वर सराव करते आहे. 25 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं, मोठ्या लिंबाएवढं. पहिल्या तीस गोळ्या शांतपणे, पाच मिनिटांत पाच. नंतरच्या तीस झपाट्याच्या. हात खाली, दिवा हिरवा झाला की तीन सेकंदांत उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबायचं. त्यासाठीचं लक्ष्य मोठं असतं, तरी हीच फेरी तिला अजून छळते.

पिस्तुलासाठी काढलेल्या पैशांतून आम्ही तिच्या हाताच्या मापाची एक मूठ घेतली. क्लबच्या पिस्तुलावर ती बसते. सराव संपला की ती मूठ काढून, पुसून, सुती पिशवीत घालून घरी येते. पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेतले गुण बघून पुन्हा बोलायचं, असं ठरलंय.

परवा आजीचा फोन आला होता. लेकीने सांगितलं, "आजी, साठात पाचशे एकेचाळीस." आजीने विचारलं, "सहाशेपैकी का? मग एकोणसाठ कुठे गेले?" लेक हसली, पण वहीत त्या रात्री तिने तेच लिहिलं होतं. कुठल्या फेरीत किती गेले, आणि का.